सहा दिवस, प्रसाद आणि आजीच्या गोळ्या: बायबल समजून कसं वाचावं

प्रश्न भुसावळजवळच्या एका मुलीचा आहे. थोडक्यात असा: "मी बी.एस्सी.ला आहे. आमचे पाळकसाहेब सांगतात, बायबलमधलं अक्षर न् अक्षर जसंच्या तसं धरायचं. सहा दिवस म्हणजे चोवीस तासांचे सहा दिवस, पृथ्वी सहा हजार वर्षांची. यातली एक गोष्ट सोडली की विश्वासच गेला. कॉलेजात वेगळं शिकवतात. घरी शेजारच्या गणपतीच्या प्रसादावरून दर वर्षी वाद होतो. त्यात आजीने एका प्रार्थनासभेनंतर साखरेच्या गोळ्या बंद केल्यात. मला विश्वास सोडायचा नाही, पण डोकं बाजूला ठेवून वाचणंही जमत नाही. कसं वाचू?"

आधी आजी, कारण बाकीचं सगळं थांबू शकतं, हे नाही. त्यांना आजच दवाखान्यात नेऊन साखर तपासा आणि गोळ्या कोणत्या, किती, हे डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू करा. मध्ये खंड पडलाय, म्हणून घरच्या घरी जुना डोस चालू करू नका. आजी म्हणतील, याकोबाच्या पत्रात आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करायला सांगितलंय. सांगितलंय, 5:14 मध्ये, म्हणजे पाचव्या अध्यायाच्या चौदाव्या वचनात. पण त्यात औषध बंद करा असं कुठेही नाही. त्यांच्याशी भूगर्भशास्त्र बोलू नका, त्यांच्यासमोर 2 राजे या पुस्तकाचा 20 वा अध्याय उघडा. हिज्कीया राजा मरणाला टेकलाय. देव यशया संदेष्ट्याकडून निरोप पाठवतो की मी तुला बरं करतो, आणखी 15 वर्षं देतो. आणि लगेच पुढे, सातव्या वचनात, यशया अंजिरांची ढेप आणून गळवावर बांधायला सांगतो. देवाचा शब्द मिळालेला असतानाही लेप लागला. वचन ऐकणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला वचनातूनच समजावलं की पटतं. माझ्या वर्गात येणाऱ्या घरांत तरी हाच मार्ग चालतो.

याच विषयातली दुसरी जीवघेणी जागा म्हणजे मार्क 16:18, सर्प उचलतील, विष प्यायले तरी बाधणार नाही. खरिपात शेतात साप निघतो तेव्हा हे वचन कोणाच्या तरी तोंडी येतंच. मार्कच्या शेवटची 9 ते 20 ही वचनं चौथ्या शतकातल्या ज्या दोन मोठ्या हस्तलिखितांवर अभ्यासक सर्वांत जास्त भर देतात, त्यांत नाहीत. बऱ्याच छापील प्रतींत तिथे कंस किंवा तळटीप असते. तुमच्या प्रतीत बघा. साप चावला तर प्रार्थना गाडीत बसून करा, आणि गाडी सरकारी दवाखान्याच्या दिशेने असू द्या.

आता मूळ प्रश्न. तुम्ही विचारलंय "शब्दशः मानायचं की नाही", पण खरी अडचण तिथे नाही. कारण पूर्ण शब्दशः कोणीच वाचत नाही, तुमचे पाळकसाहेबसुद्धा. शास्ते 9 मध्ये झाडं राजा निवडायला निघतात, जैतून, अंजीर आणि द्राक्षवेल नाही म्हणतात आणि शेवटी काटेरी झुडूप तयार होतं. झाडं खरंच बोलली असं कोणी सांगत नाही. उजवा डोळा पापाला प्रवृत्त करत असेल तर उपटून टाक, असं प्रभू मत्तय 5:29 मध्ये म्हणतो, तरी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सगळ्यांना दोन डोळे आहेत. म्हणजे कुठे शब्द जसाच्या तसा घ्यायचा आणि कुठे नाही, हे प्रत्येक जण ठरवतोच. फरक इतकाच की काही जण काहीतरी कारण धरून ठरवतात आणि काही जण सवयीने. तुम्हाला कारण हवंय.

माझ्या मते ते कारण तीन गोष्टींवर उभं राहतं: हे लिखाण कोणत्या प्रकारचं आहे, कोणी कोणाला आणि कोणत्या प्रसंगी लिहिलं, आणि येशू स्वतः शास्त्र कसं वाचतो. तिसरी सर्वांत महत्त्वाची, आणि आपल्याकडे सर्वांत कमी बोलली जाणारी.

लिखाणाच्या प्रकारासाठी नीतिसूत्रे 26 ची चौथी आणि पाचवी वचनं शेजारी ठेवा. चौथं म्हणतं, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको. पाचवं म्हणतं, दे. हा कायदा म्हणून वाचला तर लेखकाला आदल्या ओळीचा विसर पडलाय असं वाटेल. पण ही सूत्रं आहेत. कोणत्या मूर्खापुढे कोणतं लागू, हे ओळखायला शिकवण्यासाठीच ती जोडीने ठेवलीत. स्तोत्रांचंही तसंच. 137 व्या स्तोत्राच्या शेवटी बाबेलची तान्ही मुलं खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हटलंय. ती आज्ञा नाही. बाबेलच्या सैन्याने ज्यांचं गाव जाळलं, ज्यांना बेड्या घालून नेलं, त्यांचा आक्रोश आहे. देवापुढे माणूस काय काय बोलू शकतो, हे तिथे दिसतं. देव काय करायला सांगतो, ते नाही.

उत्पत्तीचा पहिला अध्याय आता त्याच डोळ्याने बघा. एका कागदाचे दोन उभे भाग करा. डावीकडे पहिले तीन दिवस, उजवीकडे पुढचे तीन. पहिला दिवस उजेड, चौथा दिवस सूर्य, चंद्र, तारे. दुसरा दिवस आकाश आणि पाणी, पाचवा दिवस पक्षी आणि मासे. तिसरा दिवस कोरडी जमीन आणि वनस्पती, सहावा दिवस पशू आणि माणूस. आधी तीन जागा तयार होतात, मग त्याच क्रमाने त्या भरतात. ही मांडणी विचार करून केलेली आहे, रोजनिशी अशी नसते. संध्याकाळ आणि सकाळ पहिल्या दिवसापासून आहे, सूर्य मात्र चौथ्या दिवशी येतो. ही विसंगती आपल्यालाच आज सापडली असं समजू नका. तिसऱ्या शतकात ओरिगेन या ख्रिस्ती विद्वानाने हाच प्रश्न विचारला होता, सूर्याशिवाय पहिले तीन दिवस कसले? आणखी एक बघा, तिथे सूर्य-चंद्राचं नावही येत नाही. मोठी ज्योती आणि लहान ज्योती, एवढंच. आजूबाजूची मोठमोठी राष्ट्रं ज्यांना देव मानून नमस्कार करत होती, ते इथे वेळ दाखवायला टांगलेले दिवे आहेत. अध्यायाला जे ठासून सांगायचं आहे ते हे. खडकाचं वय त्याच्या विषयातच येत नाही.

दुसरा अध्याय वाचा, क्रम बदलतो. 2:7 मध्ये आधी मनुष्य, मग झाडं, 2:19 मध्ये पशुपक्षी, आणि शेवटी स्त्री. ज्यांनी हे दोन अध्याय एकापुढे एक ठेवले त्यांना हा फरक दिसत नव्हता असं मानायचं कारण नाही. त्यांनी दोन्ही ठेवले, कारण दोन्हींना सांगायचं वेगळं आहे.

सहा हजार वर्षं हा आकडा बायबलमध्ये कुठेही लिहिलेला नाही. वंशावळ्यांतली वर्षं जोडून तो काढतात. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी 1650 साली असा हिशेब करून निर्मितीचं साल ख्रिस्तपूर्व 4004 काढलं. पुढे अनेक इंग्रजी बायबलांच्या समासात ते साल छापलं जाऊ लागलं, आणि समासातला आकडा हळूहळू वचनासारखा झाला. तुमच्या जिल्ह्याच्या उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला अजिंठ्याची रांग आहे. तिथला काळा दगड सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा आहे. आपली कपाशी ज्या काळ्या मातीत वाढते तीही त्याच दगडाची झीज. परीक्षेत हे लिहा, निर्धास्त लिहा. प्रोटेस्टंट धर्मसुधारक जॉन कॅल्विनला कोणी ढिला विश्वासी म्हणणार नाही. सोळाव्या शतकात त्याने लिहून ठेवलंय की शनी चंद्राहून मोठा आहे हे खगोलाचे जाणकार सिद्ध करतात. उत्पत्ती ज्याच्या नावावर आहे तो मोशे मात्र साध्या माणसाच्या डोळ्याला दिसतं तसं लिहितो, ज्याला ताऱ्यांची विद्या हवी त्याने ती दुसरीकडे शिकावी.

दुसरी गोष्ट, कोणी कोणाला लिहिलं. इथे सर्वांत मोठी गडबड आपल्या कॅलेंडरांनी आणि वचनाच्या चिठ्ठ्यांनी केली आहे. 31 डिसेंबरच्या रात्री नव्या वर्षासाठी वचनाची चिठ्ठी निघते, यिर्मया 29:11. देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत. घरात ज्याची नोकरीची मुलाखत असेल त्याला वाटतं, झालं काम. आता त्याच अध्यायाची पहिली 14 वचनं सलग वाचा. हे पत्र आहे. यरुशलेमेहून बाबेलला, तिथे धरून नेलेल्या लोकांना. दहाव्या वचनात लिहिलंय की सुटका 70 वर्षांनी होईल, म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांतले बहुतेक तोवर नसतील. पाचव्या ते सातव्यात सांगितलंय, तिथेच घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या परक्या शहरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. त्याच काळात दोन वर्षांत परत येऊ असं सांगणारे संदेष्टेही होते, आदल्याच अध्यायात हनन्या भेटतो, आणि ते खोटे ठरले. म्हणजे लवकर आणि मनासारखं होईल असं सांगणाऱ्यांना उत्तर म्हणून लिहिलेलं पत्र आपण लवकर आणि मनासारखं होईल म्हणून भिंतीवर लावलं. वचन खोटं नाही. ते चिठ्ठीवरच्या ओळीपेक्षा मोठं आणि जड आहे, इतकंच.

म्हणून माझा पहिला नियम: कोणतंही वचन एकटं वाचायचं नाही. आधीची दहा-बारा आणि नंतरची दहा-बारा वचनं घ्या. शक्य असेल तिथे पूर्ण पुस्तक एका बैठकीत. अध्यायांचे आकडे तेराव्या शतकातले आहेत आणि नव्या कराराला वचनांचे आकडे 1551 साली पडले. लिहिणाऱ्याने ते घातलेले नाहीत. योना अवघी 48 वचनं आहे, दहा-बारा मिनिटं लागतात. फिलेमोन 25. मार्क मोठ्याने वाचलं तर दीड तास. प्रकटीकरणही असंच, आशियातल्या सात मंडळ्यांना लिहिलेलं, रोमी सत्तेखाली दबलेल्या माणसांना. व्हॉट्सअ‍ॅपवर त्यातला 666 हा आकडा म्हणजे बारकोड, आधार किंवा लस असं फिरतं, त्यासाठी त्या सातांपैकी स्मुर्णा किंवा सार्दीसच्या पहिल्या शतकातल्या माणसाला त्याचा काय उपयोग झाला असता, एवढं विचारलं तरी पुरे.

आता तिसरी. लूक 4 मध्ये सैतान येशूला मंदिराच्या टोकावर उभा करतो आणि 91 वं स्तोत्र म्हणतो, देवदूत तुला हातांवर झेलतील. शब्द अचूक आहेत. शब्दशः घ्यायचे तर उडी मारायला हरकत नव्हती. येशू काय करतो? ते वचन खोटं म्हणत नाही; अनुवाद 6:16 समोर ठेवतो, देवाची परीक्षा पाहू नको. शास्त्राला शास्त्राने तोलतो. मत्तय 19 मध्ये सूटपत्राचा, म्हणजे घटस्फोटाचा, प्रश्न येतो, तेव्हा तो म्हणतो की मोशेने तुमच्या अंतःकरणाच्या कठोरपणामुळे परवानगी दिली, आरंभापासून तसं नव्हतं. म्हणजे नियमशास्त्रातही देवाचा मूळ हेतू कुठला आणि माणसाची कुवत पाहून दिलेली सवलत कुठली, हा भेद तो करतो. आणि मत्तय 22:37 ते 40 मध्ये सगळं ज्या दोन खुंट्यांवर टांगलंय त्या दाखवतो: देवावर प्रीती आणि शेजाऱ्यावर प्रीती. वाचून जो अर्थ निघाला त्याने या दोन्हींपैकी एक जरी मोडत असेल, तर मी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला बसते.

अवघड भागांना हे कसं लावायचं? यहोशवा 10:40 म्हणतं, कनान देश जिंकताना एकही प्राणी जिवंत ठेवला नाही. शास्ते 1:27 पासून कुठल्या कुठल्या गावांतले कनानी तिथेच राहिले त्याची यादीच आहे. त्या काळच्या विजयाच्या लेखांची भाषाच अशी होती. शेजारच्या मवाबाचा राजा मेशा ख्रिस्तपूर्व नवव्या शतकात दगडावर कोरून घेतो की इस्राएल कायमचं नष्ट झालं. मिसरचा राजा मर्नेप्ताह याने त्याच्याही आधी, ख्रिस्तपूर्व 1208 च्या सुमारास, इस्राएलचं बीज उरलं नाही असं कोरवलं. दोघांनंतरही इस्राएल होतंच. यामुळे 1 शमुवेल 15 मधला अमालेक्यांचा संहार गोड होत नाही. तो गोड करून सांगू नये, संडेस्कूलच्या पोरांना तर मुळीच नाही. मी तो लूक 9:54 शेजारी ठेवून वाचते. शोमरोनी गावाने उतरू दिलं नाही म्हणून याकोब आणि योहान आकाशातून अग्नी पाडू का विचारतात, आणि प्रभू त्यांना धमकावतो. ख्रिस्ती माणसाने कोणाच्या बाजूला उभं राहायचं हे तिथे स्पष्ट आहे. सगळे प्रश्न त्याने सुटत नाहीत.

प्रसादाकडे येऊ. हा प्रश्न सहा दिवसांपेक्षा अवघड आहे, कारण इथे नव्या करारातच दोन स्वर आहेत. प्रेषितांची कृत्ये 15:29 मूर्तीला वाहिलेलं वर्ज्य करा म्हणतं. पौल 1 करिंथ 8 मध्ये म्हणतो की मूर्ती काहीच नाही, अन्नाने देवाजवळ आपली किंमत वाढत नाही की घटत नाही. मग 10:21 मध्ये, प्रभूचा प्याला आणि भुतांचा प्याला दोन्ही पिता येत नाहीत. 10:25 मध्ये बाजारात मिळतं ते विचारपूस न करता खा. आणि 10:28 मध्ये, हे वाहिलेलं आहे असं कोणी सांगितलं तर खाऊ नका, ज्याने सांगितलं त्याच्या विवेकबुद्धीसाठी. एकच वचन उचललं तर कोणतीही बाजू जिंकते, आणि तुमच्या घरी नेमकं हेच होत असणार. सगळी एकत्र ठेवली की पौलाचा विचार दिसतो: त्या पूजेत सहभागी व्हायचं नाही, अन्नाला घाबरायचं नाही, आणि माझ्या खाण्या-न खाण्याने कोण दुखावेल ते बघायचं.

त्यामुळे उत्तर घराघरावर अवलंबून आहे. नवापूरकडच्या एखाद्या घरात कालपरवा विश्वासात आलेला माणूस असेल, जुन्या पूजाअर्चेची भीती अजून मनात असेल, तर त्याच्यासमोर खाऊ नये. चार पिढ्यांचं ख्रिस्ती घर असेल, शेजारी तुमचा विश्वास ओळखून असतील आणि नाताळचा फराळ तेही प्रेमाने घेत असतील, तर मोदक घेतल्याने तुम्ही गणपतीची पूजा केली असं त्यांनाही वाटणार नाही. मी स्वतः दुसऱ्या घराला चुकीचं म्हणणार नाही. रोमकरांस 14:3 खाणाऱ्याला आणि न खाणाऱ्याला, दोघांनाही गप्प करतं. व्यवहारात एवढं करा: गणपती बसायच्या आधी घरात बसून एकदा ठरवा, दारात ताट आल्यावर वाद नको. घ्यायचं नसेल तर हसून, नमस्कार करून, "काकू, आम्ही प्रसाद घेत नाही, पण चहाला नक्की येतो" म्हणा आणि खरंच जा. घेऊन मागच्या दाराने फेकणं सर्वांत वाईट, त्याने देवावर आणि शेजाऱ्यावर प्रीती करण्याच्या दोन्ही आज्ञा मोडतात.

आता उलट बाजूचा धोका, कारण तुमच्या वयात तो जास्त. एकदा "हे काव्य आहे" म्हणायची सवय लागली की जे जे अडचणीचं ते सगळं रूपक होतं. पुनरुत्थानाला हा उपाय चालत नाही. 1 करिंथ 15 मध्ये पौल साक्षीदार मोजतो, पाचशेहून अधिक बंधूंना एकाच वेळी दर्शन झालं आणि त्यातले बहुतेक अजून हयात आहेत म्हणतो, आणि ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ असं सरळ लिहितो. लूकही सुरुवातीलाच सांगतो की त्याने सगळ्याचा मुळापासून नीट शोध घेतला. माना किंवा मानू नका, पण ते लेखक शास्ते 9 सारखी झाडांची गोष्ट सांगत नाहीत. लिखाणाचा प्रकार मजकुरावरून ठरतो, आपल्या सोयीवरून ठरवायचा नाही. शत्रूवर प्रीती करा हे तर शब्दशःच घ्यायचं आहे, आणि नेमकं तिथेच कडक शब्दशःवादी लोक एकाएकी लवचीक होतात.

घरी बसून करायचं ते असं. वहीच्या पानाचे तीन रकाने करा. पंधरा-वीस वचनांचा एक भाग दोनदा वाचा, दुसऱ्यांदा मोठ्याने. पहिल्या रकान्यात फक्त मजकुरात काय आहे: कोण, कुठे, कोणाला, कोणता शब्द पुन्हा पुन्हा येतो. दुसऱ्यात जे कळलं नाही किंवा खटकलं ते, न लाजता. तिसऱ्यात आपण काय करायचं, आणि हा रकाना त्या दिवशी भरायचा नाही, दुसऱ्या दिवशी. बहुतेक गोंधळ तिसरा रकाना आधी भरल्याने होतात. मनात ठरलेलंच वचनातून निघतं. चार-सहा जणांचा गट मिळाला तर उत्तम, आठच्या वर नको. गटात एखादी म्हातारी आजी आणि एखादा शेतकरी असावाच. बी पेरणाऱ्याच्या दाखल्यावर कॉलेजवाल्यांपेक्षा त्यांना जास्त दिसतं. गोष्ट वाचून झाली की पुस्तक मिटून कोणीतरी ती अहिराणीत किंवा मावची बोलीत सांगावी. कुठे अडखळलं ते लगेच समजतं.

पाळकसाहेबांशी भांडू नका, आणि उपदेश चालू असताना तर नकोच. आठवड्यात वेळ मागून भेटा, वही घेऊन जा, "हे पहिल्या आणि दुसऱ्या अध्यायातलं मला समजावून सांगा" असं विचारा. बायबल निर्दोष मानणाऱ्यांचं जे प्रसिद्ध शिकागो निवेदन 1978 चं आहे, तेसुद्धा लेखनप्रकार लक्षात घेऊनच अर्थ लावा म्हणतं, हे त्यांना माहीत असेल किंवा नसेल. कॅथलिक मंडळीनेही 1965 साली व्हॅटिकन परिषदेत हेच सांगितलं. ते ऐकून घेतील की रागावतील, हे त्यांच्या स्वभावावर आहे. रागावले तरी मंडळी लगेच सोडू नका. पृथ्वीच्या वयावर मत न जुळणाऱ्या माणसाबरोबर प्रभूभोजन घेता येतं.

सुरुवात उत्पत्तीपासून करू नका, लेवीयमध्ये अडकाल. मार्क घ्या, मग योना, मग आमोस, मग लूक. त्यानंतर 1 करिंथ, सोबत रोज एक स्तोत्र. हे झालं की उत्पत्ती 1 ते 11. प्रकटीकरण सगळ्यात शेवटी, आणि ते एकटीने नको, गटात.